थांबलेल्या दिवसाची मजुरी

चांदीपच्या परिसरातून तुंगारेश्वराची डोंगररांग दिसते, तिच्या पोटातून गेलेला बोगदा मात्र दिसत नाही. सूर्या धरणाचे पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदरकडे नेणाऱ्या प्रादेशिक योजनेसाठी या डोंगरात सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. या योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला दररोज १८५ दशलक्ष लिटर पाणी यावयाचे, आणि आपल्याकडील चर्चा बहुधा तेवढ्यावरच थांबते. पाणी केव्हा येणार आणि किती वेळ येणार, एवढेच आपण विचारतो. डोंगराच्या आत ज्यांनी सुरुंग लावले त्यांची विचारपूस क्वचितच होते.

दि. २९ मे २०२४ रोजी याच योजनेच्या ससूनवघरजवळील खोदकामावर माती कोसळली आणि उत्खनन यंत्र चालकासह गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर व नौदल यांना पाचारण करावे लागले. शोधकार्य अनेक दिवस चालले. त्या घटनेची कारणे ठरविण्याचा मला अधिकार नाही. परंतु माझी नोकरीची सारी वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे माझ्या मनात प्रश्न आला तो हिशेबाचाच. धोक्याच्या कामावर ‘थांबा’ कोणी म्हणावयाचे, आणि काम थांबले तर त्या दिवसाचे पैसे कोणी द्यावयाचे?

हा प्रश्न आपल्या मुलखात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. पुण्याला जाताना कर्जत सोडल्यावर गाडी घाट चढू लागते. खिडकीतून धबधबे पाहणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा बोरघाट १८५६ ते १८६३ या काळात सुमारे पंचवीस बोगदे आणि अनेक उंच पूल बांधून रेल्वेसाठी खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मार्ग आखला. काही ठिकाणी कडा इतका सरळ होता की पाय ठेवावयास जागा नव्हती. माणसांना दोरखंडाने वरून खाली सोडावे लागे आणि लोंबकळत त्यांनी सुरुंगाची भोके पाडावयाची. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे. पटकी आणि ज्वराच्या साथी येत. मजूर देशावरून व कोकणातून येत आणि डोंगरात गवताच्या झोपड्यांत राहत.

या कामाचा पहिला ठेका विल्यम फेव्हिएल यांचा. हे गृहस्थ नवखे नव्हते. मुंबई-ठाणे या पहिल्या मार्गाच्या बांधकामातही ते ठेकेदार होते. परंतु घाटात त्यांनी काम पोटठेकेदारांकडे वाटून दिले, पोटठेकेदारांनी मुकादमांकडे, आणि मजुरी या पायऱ्या उतरत खाली येईपर्यंत झिरपून जाई. १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा संयम सुटला. दंगा झाला आणि कामावरील युरोपीय माणसांवर हल्ले झाले. चौकशीअंती मजुरी थकल्याची तक्रार खरी असल्याचे आढळले. दोन महिन्यांतच, मार्चमध्ये, फेव्हिएल यांनी ठेका सोडला.

काही काळ रेल्वे कंपनीने आपल्याच अभियंत्यांकरवी काम चालविले. नंतर ठेका सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळाला. ते सप्टेंबर १८५९ मध्ये पत्नीसह येथे पोहोचले आणि महिना सरण्यापूर्वीच आजारी पडून निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी बोटीने परत जावयास हवे होते, असेच त्या काळी कोणीही म्हटले असते. त्या परतल्या नाहीत. त्यांनी ठेका स्वतःच्या अंगावर घेतला, आणि दरम्यान ज्या दोन अभियंत्यांनी घाट सांभाळला होता त्या ॲडम्सन व क्लाउझर यांनाच व्यवस्थापक नेमले. घाट माहीत असलेली माणसे बदलली नाहीत, हा मला त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. आपल्या पेढ्यांवरही धनी गेल्यावर अनेक घरे प्रथम जुना मुनीम बदलतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. १८६१ च्या आरंभी घाटात बेचाळीस हजारांहून अधिक माणसे कामावर होती. मजुरी बुडते अशी ख्याती असलेल्या ठिकाणी एवढी माणसे येत नाहीत. १८६३ मध्ये घाट खुला झाला. बर्कले मात्र त्यापूर्वीच, १८६२ मध्ये, वारले होते.

या कथेचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या घाटात मेलेल्यांची संख्या हजारांत धरली जाते. ट्रेडवेल बाईंच्या काळातही माणसे साथीने आणि सुरुंगाने मेलीच. पुढे १८६७ च्या पावसाळ्यात महूकीमल्ली येथील पूल कोसळला आणि घाटातील चुनेगच्ची किती ठिकाणी कच्ची आहे हे उघडकीस आले. पोटठेक्याच्या पायऱ्या उतरताना मजुरीच तेवढी झिरपते, चुना झिरपत नाही, असे थोडेच आहे?

बँकेत असताना ठेकेदारांची खाती माझ्याकडे असत. ठेकेदाराची प्रकृती मला त्याच्या ताळेबंदापेक्षा शनिवारच्या रोख रकमेवरून अधिक कळे. पगाराच्या आदल्या दिवशी ठरावीक रक्कम नेणारा मनुष्य बहुधा निर्धास्त असे. एका आठवड्यात निम्मी, पुढल्या आठवड्यात काहीच नाही, असे दिसले की त्याचे बिल वर कोठेतरी अडकले आहे हे समजावे. त्याचा अर्थ कामाच्या जागी काय होतो, हे मला अशाच एका वयस्कर ठेकेदारांनी सांगितले होते. ते म्हणाले, “साहेब, पैसे थकले की आधी जुना सुरुंगवाला निघून जातो. त्याला कोठेही काम मिळते. राहतो तो नवखा, ज्याला परतीचे भाडे नसते.” दगडाचा आवाज ओळखणारा, न उडालेला सुरुंग किती वेळाने तपासावा हे जाणणारा माणूस जातो, आणि डोंगर तेवढाच धोक्याचा राहतो. शिवाय मजुरी फुटावर ठरलेली असेल तर पुढे सरकण्याचेच पैसे मिळतात. छताला टेकू देण्यात, धूर निघून जाण्याची वाट पाहण्यात गेलेला तास मजुराच्या खिशातून जातो. अशा ठिकाणी सुरक्षिततेचे फलक कितीही लावले तरी ‘थांबा’ कोण म्हणेल?

याच्या उलट उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे होती. चार राज्यांची भागीदारी आणि बाजारात विकलेले रोखे यांतून पैसा उभा राहिला. आपल्यातील अनेकांनी ते रोखे घेतलेही असतील. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, त्यांत रत्नागिरीजवळचा करबुडे येथील साडेसहा किलोमीटरचा. कार्यालयांत उलट मोजणारी घड्याळे लावली होती, काम संपावयास किती दिवस उरले ते दाखविणारी. अशा घड्याळाने माणूस घाईत चुकतो, असे कोणी म्हणेल, आणि ती शंका रास्त आहे. परंतु घड्याळाबरोबर दुसरी एक रीत होती. ठेकेदाराने बिल दिले की त्याचा मोठा भाग लगेच चुकता होई आणि बारीक तपासणी मागाहून चाले. निर्णय घेण्याचा अधिकारही लांबच्या मुख्यालयात अडकवून न ठेवता जागेवरच्या मुख्य अभियंत्यांना दिलेला होता. गोव्यात पेडणे येथे मऊ मातीचा बोगदा पुनःपुन्हा ढासळला. दीड किलोमीटरच्या कामाला वर्षे लागली. घड्याळ उलटे चालू असतानाही तेथे सावकाशच जावे लागले. माणसे याही कामात दगावली. रत्नागिरी स्थानकावरील श्रमशक्ती स्मारक त्यांचेच आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला.

हे सारे आपल्या मासिकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आपल्यापैकी बोगदे खोदणारा कोणी नाही. पण गोदामे बांधणारे, गाळ्यांवर पत्रे चढविणारे, विहिरी व पाया खोदून घेणारे, खडी-सिमेंटचा व्यापार करता करता ठेकेदार झालेले अनेक आहेत. मजूर ठेकेदाराचे, आपला काय संबंध, ही समजूत कायद्याला मान्य नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याच्या २१ व्या कलमानुसार ठेकेदाराने मजुरी चुकविली तर मूळ मालकाने ती द्यावयाची आणि ठेकेदाराकडून वसूल करावयाची, असे ठरले, आणि २०२० च्या नव्या संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. किती मजूर असले म्हणजे हे लागू होते, ती मर्यादा आपल्या सल्लागाराकडून जरूर समजून घ्यावी.

माझी सूचना कायद्याच्या पलीकडची आणि लहानशी आहे. ठेक्याच्या कागदात एक ओळ घालावी. पाऊस, वारा, भेगाळलेली माती किंवा दुसऱ्या कोणत्याही धोक्यामुळे मुकादमाने काम थांबविले, तर हजर असलेल्या मजुरांना त्या दिवसाची मजुरी मिळेल आणि ती मालक देईल. मुकादम याचा गैरफायदा घेईल, ही भीती मला मान्य आहे. म्हणून महिन्याला अशा किती दिवसांचे पैसे देणार ते आधीच ठरवावे आणि त्यापुढचे थांबणे जागेवर जाऊन स्वतः पाहावे. समजा गोदामाच्या छपरावर वीस माणसे आहेत आणि प्रत्येकाची मजुरी आठशे रुपये. दिवसाचे सोळा हजार झाले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत असे सहा दिवस धरले तर शहाण्णव हजार. ही रक्कम अंदाजपत्रकात सिमेंट आणि सळईच्या खाली, स्वतंत्र नावाने, आरंभीच लिहून ठेवावी.