फिश टँकसाठी फिल्टर कोणता? नुसतं पाणी चकाचक दिसून भागत नाही!

बारामती-इंदापुरात घरी फिश टँक आणला, की काच स्वच्छ ठेवेल असा फिल्टर शोधला जातो. पण मासे दगावतात ते बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियामुळे.

फिल्टरचं खरं काम काय?
माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडू नयेत.

कोणता घ्यावा?
२ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टँकमध्ये सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. एवढ्या टँकला महागडा कॅनिस्टर फिल्टर लागत नाही. एअर पंपवरचा स्पंज फिल्टरच शहाणपणाचा. तो स्वस्त असतो, त्यात पिल्लं ओढली जात नाहीत आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप जोडता येतो. हवा थांबली, की मासे आणि जिवाणू दोघांचाही जीव धोक्यात येतो.

स्पंज कसा धुवावा?
नळाखाली नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

नायट्रेट मात्र फिल्टरने जात नाही. सांडपाण्यातली पोषकद्रव्यं साचली की उजनीचं पाणी कसं हिरवं होतं, हे इंदापूरकरांना सांगायला नको. टँकचंही तसंच आहे. म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावंच लागतं.