आवाज वाढला, शक्ती वाढली का?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु पुरावा मागणे ही केवळ विज्ञान शाखेची मक्तेदारी नव्हे. आज आमच्या वयाच्या मुलांत गाडीला ‘ओपन फिल्टर’ बसवण्याचे वेड पसरले आहे. कंपनीची हवेची बंद पेटी काढायची, तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावायचा, की गाडी ‘पळते’ म्हणे! या समजाची परीक्षा व्हावयास हवी.

माझ्या मित्राच्या जुन्या, १२०० सीसीच्या स्विफ्टला आम्ही दोघांनी असा फिल्टर बसवला. काम अवघड नाही. पाना आणि स्क्रू ड्रायव्हर पुरे. मात्र ब्रीदरची नळी नीट जोडावी लागते आणि प्रत्येक क्लिप घट्ट आवळावी लागते. फट राहिली तर न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते. पहिल्याच रेसला घुमारा उठला. मित्र म्हणाला, “बघ, जोर वाढला!” मी म्हणालो, “आवाज वाढला. जोर मोजू या.”

एकाच सपाट, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४० वरून ८० किलोमीटरवर जाण्यास लागणारा वेळ आम्ही मोजला. जाताना आणि येताना, जुना व नवा फिल्टर आळीपाळीने लावून. एकाच फिल्टरच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडला, तेवढाही दोन फिल्टरांत आढळला नाही.

यात आश्चर्य कसले? वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. समजा, जुना फिल्टर पूर्ण रेसवर २० सेंटिमीटरचा अडथळा करतो. तो अडथळा समूळ नाहीसा झाला तरी लाभ २ टक्क्यांचाच. उलट, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि आत ६० अंश असतील, तर हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. म्हणजे दोन कमवायला गेलो आणि नऊ घालवून आलो! मायलेजचेही तेच. निम्म्या रेसवर पेट्रोल इंजिनाची हवा थ्रॉटलची झडपच अडवीत असते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली दाखवले, की आधुनिक पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तरी मायलेज घटत नाही. फक्त वेग घेण्याची क्षमता मंदावते. तेव्हा खरा उपाय कोणता? कागदी फिल्टर वेळेवर बदलणे.

मग तो घुमारा? कंपनीची पेटी हवा ओढण्याचा आवाज दाबून टाकते. पेटी गेली, आवाज मोकळा झाला, आणि कानाने मनाला फसवले.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. त्या स्विफ्टच्या भाड्यावर मित्राच्या घरची चूल पेटते. ऊसवाहतुकीने उखडलेल्या आमच्या रस्त्यांवर धूळ किती, हे सांगावयास नको. ती आत गेली तर पिस्टनच्या रिंगा घासतात, आणि इंजिनाचे काम निघाले की घर कर्जात जाते. शर्यतीच्या मैदानावर, बाहेरची थंड हवा आणून, इंजिनाची फेरजुळणी करून कोणी हे करील तर त्याला माझा विरोध नाही. गावच्या भाड्याच्या गाडीला मात्र ते परवडणारे नाही.

आपल्याकडे केवळ गाड्यांच्याच बाबतीत नव्हे, माणसांच्या बाबतीतही मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती असे मानले जाते. मित्रांनो, घोषणा ऐकताना टाळी वाजवण्यापूर्वी एकदा घड्याळ लावून पाहावयास काय हरकत आहे?