करार बाहेरच्यांशी, कारखाने इथल्यांचे : कोल्हापूरच्या फाउंड्रीचालकांचे मागणीपत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

१९१० साली बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधसारख्या लहानशा संस्थानाने माळावर जमीन दिली, वर कर्जही दिले. त्यातून किर्लोस्करवाडी हे कारखान्याचे गाव उभे राहिले. इकडे कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता मिस्त्री ती स्वतःच बनवू लागले. पुढे गावोगाव वीज पोहोचली, इंजिनांची मागणी आटली, तेव्हा इथल्या भट्ट्या ट्रॅक्टर, मोटारी आणि पंपांच्या कास्टिंगकडे वळल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या वसाहती अशाच वाढल्या. मंदी आली म्हणून आम्ही गाशा गुंडाळत नाही. मिळालेला नफा पुढच्या यंत्रात जातो.

सरकारची लगबग मात्र बाहेरच्या कंपन्यांशी होणाऱ्या सामंजस्य करारांपुरती. मोठ्या प्रकल्पाला खास पॅकेज मिळते. दरवर्षी एखादे यंत्र वाढवणाऱ्याला ते पॅकेज ठरवणाऱ्या बैठकीचे बोलावणेही नसते. आमची पहिली मागणी : पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने केलेली गुंतवणूक एकत्र धरून तिला नव्या प्रकल्पाइतकीच सवलत द्या.

सर्वांत जास्त जाच थकलेल्या बिलांचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर चोख! प्रत्यक्षात माल गेटमधून आत जातो, स्वीकृतीची नोंद सवडीने होते आणि पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आमच्याच खिशातून भरायचा. याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. म्हणून तक्रारीची वाट न पाहता सरकारने आपल्या हातातला लगाम वापरावा. प्रोत्साहन अनुदानाचा हप्ता घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीकडून लघुउद्योगांची मुदतबाह्य देणी शून्य असल्याचा लेखापरीक्षकाचा दाखला मागावा. दाखला नाही, तर हप्ता नाही. सरकारी महामंडळांनीही आपली थकबाकी दर तिमाहीला जाहीर करावी.

विजेबद्दल थोडक्यात. भट्टीत धातूचा रस तयार असताना वीज गेली की धातू थंडावतो, भट्टीच्या अस्तराला तडे जातात, अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला सगळा धातू, वाया जाते. पूर्वनियोजित बंदची सूचना आदल्या दिवशी मिळावी, फीडरनिहाय खंडितता जाहीर व्हावी आणि दर ठरवताना शेजारच्या राज्यांचे दर समोर ठेवावेत. कागलपासून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. धमकी म्हणून नव्हे, भूगोल म्हणून सांगतो.

कास्टिंगच्या साच्यांत वापरलेल्या वाळूसाठी सामायिक पुनर्प्रक्रिया केंद्र हवे. चाचणीत उतरलेली वाळू रस्त्यांच्या भरावात घेण्यास सार्वजनिक बांधकाम विभागाने परवानगी द्यावी.

मोठ्या प्रकल्पांच्या पॅकेजवर पुढचा निर्णय होण्याआधी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी. खरेदीदारांची नावे झाकून थकीत बिलांचे तक्ते सोबत आणू.

आपले,
कोल्हापूर परिसरातील फाउंड्रीचालक