विश्लेषण : राजवाड्यांचे दप्तर धुळ्यात कसे राहिले? शंभर वर्षांनंतर ते वाचणार कोण?

२०२६ या वर्षात मराठी इतिहासलेखनाचे दोन टप्पे एकत्र येतात. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला दोनशे वर्षे होतात. त्या इतिहासाला अस्सल कागद पुढे ठेवून आव्हान देणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, त्याला शंभर वर्षे होतात. जन्म कोकणातल्या वरसईचा, शिक्षण पुण्याचे, भटकंती साऱ्या महाराष्ट्रभर आणि अखेर खानदेशात. त्यांचे नाव मिरवणारे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. पुण्यतिथीला तसबिरीला हार पडतीलच. प्रश्न पुढचा आहे.

राजवाड्यांनी नेमके केले काय?

१८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रे होती. पुढे या मालेचे २२ खंड झाले. राजवाड्यांपाशी ना विद्यापीठातले पद होते, ना सरकारी अनुदान. काही काळ शिक्षकी केली, ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून त्यात प्लेटोचे ‘रिपब्लिक’ मराठीत आणले. पत्नी तरुणपणीच वारली. पुन्हा लग्न केले नाही. त्यानंतरचे आयुष्य गावोगावच्या वाड्यांचे माळे आणि मठांतली दप्तरे धुंडाळण्यात गेले. स्वयंपाक स्वतःच्या हाताने, गरजा जेमतेम. कागदवाला घरमालक मात्र दरवेळी दार उघडेच असे नाही. जुने कागद म्हणजे इनामाचे, वाटणीचे, भानगडीचे. ते परक्या माणसाला दाखवायचे कशाला, ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे.

१९१० मध्ये खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पण संस्था काढणे आणि संस्थेत नांदणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वभाव तापट, मत ठाम. पुढे मंडळाशी त्यांचे बिनसले.

बायझंटाइन अभ्यासाशी तुलना का?

कारण दोन्हीकडचे दुखणे एकच होते. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडले आणि पूर्व रोमन साम्राज्य संपले. त्याला ‘बायझंटाइन’ हे नावसुद्धा नंतरच्या पंडितांनी दिले. ती माणसे स्वतःला रोमनच म्हणवीत. पुढे गिबनसारख्या थोर इतिहासकाराने त्या हजार वर्षांकडे एका लांबलेल्या ऱ्हासाची कथा म्हणून पाहिले आणि युरोपने ते मान्य करून टाकले. हे चित्र बदलू लागले ते मूळ ग्रंथ आणि हस्तलिखिते नीट तपासली गेली तेव्हा. म्युनिकचे कार्ल क्रुम्बाखर यांनी बायझंटाइन साहित्याचा इतिहास लिहिला, १८९२ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि विद्यापीठात त्याला स्वतंत्र स्थान मिळवून दिले.

राजवाडे याच पिढीतले. मराठ्यांची सत्ता १८१८ मध्ये गेली आणि तिची कहाणी सर्वांत आधी सविस्तर लिहिली ती जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने. राजवाड्यांचा आक्षेप केवळ ग्रँट डफच्या मतांवर नव्हता. मूळ कागद पुरेसे न पाहता काढलेल्या निष्कर्षांवर होता. क्रुम्बाखरमागे मात्र एक विद्यापीठ होते. त्यांचे नियतकालिक युरोपभर वाचले जाई. राजवाड्यांनी मराठीतच लिहायचा निर्धार केला आणि तो पाळला. त्यामुळे मराठी गद्य श्रीमंत झाले. महाराष्ट्राबाहेरच्या जगाला मात्र हा माणूस फारसा कळला नाही.

जुने पत्र वाचणे एवढे कठीण का?

मजकूर मोडीत, बोरूने लिहिलेला. शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. वरची रेघ आधी ओढून खाली अक्षरे सलग ओवलेली. त्यात तारीख असते ती अशी : ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तिथी, आणि साल अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११६१. त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन मिळतो. पानिपतची लढाई झाली ते हेच साल. पण पुष्कळ पत्रांत साल नसतेच, नुसता चंद्र आणि महिना. मग पत्रात कोणत्या छावणीचा, कोणाच्या मृत्यूचा, कोणत्या हप्त्याचा उल्लेख आहे यावरून साल ठरवायचे. ते चुकले की घटनांचा क्रम उलटा होतो आणि परिणामालाच कारण समजले जाते. राजवाड्यांच्या बावीस खंडांमागे ही असली मेहनत आहे.

मग त्यांचे सगळेच खरे मानायचे का?

मुळीच नाही. कागद शोधणारे राजवाडे आणि त्यांवरून सिद्धांत मांडणारे राजवाडे यांत फरक करावाच लागतो. जातींविषयीची त्यांची अनेक विधाने पूर्वग्रहाने भरलेली आहेत. १९१८ मध्ये प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्यांना खणखणीत उत्तर दिले. वारकरी संतांनी समाज निष्क्रिय केला हे त्यांचे मतही टिकले नाही. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना तर ते कधी कधी भलतेच वाहवत जात. दुसरीकडे, भारतीय विवाहसंस्थेवर लिहिताना त्यांनी परंपराभिमानी वाचकाचीही भीड ठेवली नाही. अनुमाने चुकली तरी छापलेली पत्रे उरली, आणि त्यांच्याच आधारे पुढच्या अभ्यासकांना त्यांना खोडून काढता आले. या माणसाचे खरे देणे हेच, असे आम्हाला वाटते.

यात खानदेशचा वाटा काय?

धुळे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचे ठाणे होते. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्वेकडचा म्हणजे आजचा जळगाव. संशोधनाला आश्रय देण्याची हवा या मुलखात होती. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करत होते. अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले होते. राजवाडे गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले. त्यांनी मागे ठेवलेले कागद रद्दीत गेले नाहीत. मराठी धातूंचा आणि नामांचा असे त्यांचे दोन्ही व्युत्पत्तिकोश मंडळाने मरणोत्तर छापले. वकील, शिक्षक, व्यापारी अशी ही माणसे. राजवाड्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध, खरे तर, त्यांनी पार पाडला.

आता काय करायला हवे?

पुतळा, चौकाचे नामकरण, शताब्दी सोहळा हे सगळे सोपे आहे. अवघड आहे ते एकेका कागदाची सूची करणे, त्याची छायाप्रत काढून ती अभ्यासकाला घरबसल्या मिळेल अशी ठेवणे, आणि मोडी वाचणारी नवी माणसे तयार करणे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे विद्यापीठ जळगावला आहे. दरवर्षी इतिहास आणि मराठीच्या दहा विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन दोन वर्षे धुळ्याच्या दप्तरावर बसवले, त्यांच्या सूचीच्या कामाला प्रबंधाइतकेच श्रेय दिले, तर त्याचा खर्च एखाद्या स्वागतकमानीपेक्षा फार नसेल. पारोळा, एरंडोल, चाळीसगावकडच्या जुन्या घरांतही माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील. घर पाडून इमारत बांधायला काढली की पहिल्यांदा माळाच रिकामा होतो, आणि रद्दीवाला मोडी वाचत नाही.