तपासणी झाली त्याच दिवशी इंजेक्शनही मिळावे

कोलकात्याचे खिदिरपूर म्हणजे गोदी, खलाशी, हमाल आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या दाट वस्त्या. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या सिफिलिसला आवर घालण्यासाठी सरकारने या शहरात एकेकाळी सक्तीचा मार्ग धरला. 1868च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांवर नोंदणी आणि शरीरतपासणी लादली. 1888मध्ये तो रद्द झाला. रोगाचा जंतू सापडला 1905 साली, वासरमान यांची रक्तचाचणी आली 1906 साली. म्हणजे रोग नक्की ओळखण्याचे साधन हाती नसताना त्या बायकांची अप्रतिष्ठा चालली होती.

आता साधन आहे, आणि स्वस्तही. व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीत सीरम 56 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात, काचपट्टीवर त्यात अँटिजेनचा थेंब मिसळतात, काचपट्टी चार मिनिटे फिरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात का ते पाहतात. हे अँटिजेन कोलकात्याच्याच इन्स्टिट्यूट ऑफ सेरॉलॉजीत बनत आले आहे.

मात्र एका रिपोर्टवर निकाल देऊ नये. मलेरिया, कुष्ठरोग, कधी नुसते गरोदरपणही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह दाखवते, म्हणून टीपीएचए या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करावी लागते. टीपीएचए मात्र रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडला का, हे व्हीडीआरएलचे प्रमाण (सीरम किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते ते) 1:32 वरून 1:8 वर उतरले की कळते.

खरी गळती प्रयोगशाळेबाहेर होते. ‘रिपोर्टला परवा या’ म्हटले की मजुरीवर जगणाऱ्या गरोदर बाईचा आणखी एक रोज बुडतो. ती पुन्हा येईलच असे नाही. उपचार राहिला तर मूल पोटातच दगावू शकते किंवा रोग घेऊन जन्मू शकते.

म्हणून पहिल्याच भेटीत बोटातून रक्त घेऊन तयार पट्टीवरची झटपट चाचणी करावी. वीसेक मिनिटांत उत्तर मिळते. पॉझिटिव्ह आले आणि आधी उपचार झालेला नसेल, तर व्हीडीआरएलसाठी रक्त घ्यावे, पण त्या निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी 24 लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन द्यावे. पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोहोचणारे औषध तेवढेच आहे.

हे सारे बाईच्या संमतीने आणि गुप्तता राखूनच व्हावे. कोलकात्याच्याच सोनागाछी या वेश्यावस्तीत 1992पासून डॉ. स्मरजित जाना यांनी वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले, तेव्हा त्या वस्तीचा दवाखान्यावर विश्वास बसला. खिदिरपूरलाही हाच मार्ग हवा. आणि तपासणीला नवऱ्यालाही बोलवावे. तो उपचाराविना राहिला तर बाईला पुन्हा लागण होते.