दिंडीचे ओझे कोणी वाहावे?

आज आषाढी एकादशी. या दिवशीच्या विशेष पानावर भगव्या पताकांची, रिंगणात धावणाऱ्या अश्वांची आणि डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे येतात, आणि ती यावीत हे योग्यच आहे. परंतु आजवर अशा एकाही छायाचित्रात आम्हांला दिंडीचा सामानाचा ट्रक दिसलेला नाही. चुकून तो चौकटीत आलाच तर छायाचित्रकार तेवढा भाग कापून टाकीत असावेत. ज्या वाहनावाचून आजची कोणतीही मोठी दिंडी आळंदीहून पंढरपूरपर्यंत धडपणे पोहोचणार नाही, त्याच्याविषयी दोन शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

आम्ही गेली काही वर्षे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून चालत आहोत. दिंडी लहानशी, दोनशे माणसांची. पालखी निघण्यापूर्वी पुष्कळ आधी, पहाटे तीनच्या सुमारास, आमच्या राहुट्यांतून कंदिलाचा आणि आता विजेऱ्यांचा उजेड हलू लागतो. अंघोळी आटोपतात, पथाऱ्या गुंडाळल्या जातात आणि जो तो आपली वळकटी व पिशवी घेऊन ट्रकच्या फाळक्यापाशी येतो. प्रत्येक नगाला रंगीत चिंधी बांधलेली असते आणि तीवर दिंडीचा क्रमांक व नाव लिहिलेले असते. वरवर पाहता ही सगळी गडबड दिसते. पण तिच्यात एक हिशेब असतो. पुढच्या मुक्कामी जे प्रथम लागणार ते शेवटी चढवावयाचे. म्हणून वळकट्या तळाशी, मग पिशव्या, आणि सर्वांत शेवटी राहुट्यांची कापडे, बांबू व खुंटे. हा क्रम चुकला की संध्याकाळी पावसात दोनशे नग चिखलावर उतरवून मग बांबू बाहेर काढावे लागतात. पालखी रस्त्याला लागण्याआधी ट्रक सुटला पाहिजे, कारण एकदा का तो त्या जनसागराच्या मागे अडकला की दिवस मावळेपर्यंत त्याची सुटका नाही. आम्ही विसाव्याच्या ठिकाणी अभंग म्हणत बसलेलो असतो, तेव्हा पुढच्या गावी ट्रकवरची चार-सहा मुले आमच्यासाठी खुंटे ठोकीत असतात. पुणे आणि सासवड येथे दोन-दोन रात्रींचा मुक्काम असतो, तेवढाच काय तो त्यांना श्वास घ्यावयास मिळतो.

जुन्या वळणाचे काही वारकरी या ट्रककडे नाक मुरडून पाहतात. खांद्यावरची पडशी घेऊन चालेल तो खरा वारकरी, ट्रकवर सामान टाकून चालणे ही सहल, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटत नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून त्यासाठी अश्व आणि तंबू आले, आणि ती सेवा आजतागायत चालू आहे. जेथे तंबू आले तेथे ते वाहून नेणारी माणसे आणि जनावरे आलीच. मोटारीच्या आधी बैलगाड्या होत्या. तेव्हा स्वतःचे ओझे दुसऱ्यावर सोपविणे ही कलियुगातील नवी सवय नव्हे. शिवाय खांद्यावर पंधरा किलोंची पडशी असलेल्या माणसाला टाळ कसा वाजविता येईल? विणेकऱ्याला वीणा खाली ठेवता येत नाही. पखवाजाचे ओझे गळ्यात असतेच. दिंडीने सामान वाहनावर टाकले ते हात मोकळे राहावेत म्हणून, आणि ते मोकळे हात भजनासाठीच असतात.

मात्र तक्रार करणाऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती आम्ही नाकारणार नाही. सामान दरवर्षी वाढत आहे. पूर्वी दोन धोतरे, एक घोंगडी, एक तांब्या एवढ्यावर वारी होत असे. आज घडीच्या खाटा येतात, हवा भरावयाच्या गाद्या येतात, फराळाचे स्वतंत्र डबे येतात. आमच्या दोनशे माणसांच्या दिंडीत प्रत्येकाने केवळ पाच किलो अधिक आणले तर ते एक टन होतात. तो टन रोज एकदा चढतो आणि एकदा उतरतो. आणि तो चढविणारे हात तेच चार-सहा मुलांचे. त्यात पाय सुजलेली मंडळी वळकट्यांच्या ढिगावर चढून बसतात, ट्रक झुकतो, आणि दोराला धरून चाललेली ती माणसे पाहिली की आमच्या पोटात गोळा उठतो. २०२१ साली भूमिपूजन झालेल्या पालखी महामार्गामुळे वाट रुंद झाली, वाहनांचा वेगही वाढला. त्या वेगाला असे लदलेले ट्रक मानवत नाहीत, हे सांगावयास का हवे?

काही वर्षांपूर्वी लोणंदच्या पुढच्या मुक्कामी आम्ही याचा अनुभव घेतला. दुपारी धो धो पाऊस झाला. आमचा ट्रक रस्ता सोडून शेतात वळला आणि मागच्या चाकांपर्यंत काळ्या मातीत रुतला. इतर दिंड्यांची मुले धावून आली, पण सामान उतरविल्याखेरीज तो हलेना आणि उतरवावयास कोरडी जागा नव्हती. रात्री बारानंतर वळकट्या हाती आल्या, त्याही निथळत्या. तोवर आम्ही एका गोठ्याच्या पडवीत बसून होतो. त्या घरच्या माउलीने गोणपाट अंथरून दिले आणि चहा केला. त्या रात्रीची खरी अडचण मात्र अंथरुणाची नव्हती. आमच्यातील एक वृद्ध सोबती मधुमेहाचे रोगी. त्यांच्या गोळ्या पिशवीत आणि पिशवी ट्रकच्या तळाशी. त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि जवळच्या आरोग्य पथकाचा तंबू सापडेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोष ट्रकचा नव्हता. आमच्यापैकी कोणालाही हे आधी सुचले नव्हते. तेव्हापासून औषधे, ओळखपत्र, एक कोरडी बंडी आणि पावसाचा कागद एवढे प्रत्येकाने अंगावर बाळगावयाचे, असा आमच्या दिंडीत दंडक आहे. नवे वारकरी प्रथम हसतात. दिवे घाट चढताना हसत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. दिंडीत भिशी भरून येणाऱ्यांना ट्रक आहे, तंबू आहे, वेळेवर भाकरी आहे. परंतु वारीत असंख्य माणसे कोणत्याही दिंडीची नसतात. त्यांना मोकळे वारकरी म्हणतात. मिळेल तेथे जेवतात, देवळाच्या ओवरीत नाही तर दुकानाच्या फळीखाली निजतात, आणि आपले सर्व बिऱ्हाड डोक्यावर घेऊन चालतात. पुण्याहून सासवडला जाताना, ती वाट तीस किलोमीटरांच्या आसपास आणि मध्ये घाट, एक म्हातारी आमच्या ट्रकपाशी आली होती. खताच्या पिशवीत बांधलेले तिचे गाठोडे होते. “एवढं सासवडापतुर नेता का, माउली?” एवढेच ती म्हणाली. आमच्या व्यवस्थापकांनी नाही म्हटले. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. गाठोडे हरवले तर जबाबदार कोण, एकीचे घेतले तर पाठोपाठ पन्नास जणींना काय सांगावयाचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते. पण त्याच ट्रकवर त्या वेळी घडीच्या खाटा चढत होत्या. आम्ही तेथे उभे होतो आणि आम्ही काही बोललो नाही. पुढे घाटाच्या दुसऱ्या वळणावर ती पुन्हा दिसली, दगडावर गाठोडे टेकवून बसलेली. आम्हांला पाहून हसली. आम्ही टाळ वाजवीत पुढे गेलो.

यावर उपाय अवघड आहे असे आम्हांला वाटत नाही. प्रत्येक तळावर पालखी सोहळ्याच्या व्यवस्थेतून किंवा प्रशासनाकडून मोकळ्या वारकऱ्यांसाठी एक-दोन सामाईक ट्रक ठेवावेत. पहाटे गाठोड्याला एक बिल्ला बांधावयाचा, तोच क्रमांक वारकऱ्याच्या हाती द्यावयाचा, आणि संध्याकाळी पुढच्या तळावर क्रमांक दाखवून गाठोडे परत. रेल्वेच्या सामानघरात हेच चालते. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांची पिशवीही अशीच, तिला चिठ्ठी बांधून, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीने जाते. तेथे त्याचे पैसे पडतात. आपल्याकडे पडू नयेत. २०२४ साली राज्य शासनाने दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे ठरविले. दिंड्यांना द्यावे, आमचा विरोध नाही. पण ज्याला दिंडीच नाही त्याच्या हाती त्यातले काय पडणार? सामाईक ट्रक उभा राहीपर्यंत दिंड्यांनीही थोडे करावे. माणशी एक वळकटी आणि एक पिशवी, याहून अधिक नग घेऊ नये, खाटा तर मुळीच नकोत. जी जागा मोकळी होईल तीत वाटेतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची गाठोडी घ्यावीत, वहीत नोंद करून घ्यावीत. हरवल्याची भीती कोणी घालील. पण हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा तळावरच्या समाजआरतीत रोजच होतो, आणि वारीत सापडलेली वस्तू मालकाला परत मिळते हा आमचा अनुभव आहे.

समाजआरतीचा निघालाच आहे विषय, तर आणखी एक सांगितले पाहिजे. आरतीआधी चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो. ही रीत फार सुंदर आहे. पण त्या म्हातारीला दिंडी नाही, म्हणून तिच्यासाठी वाजत राहणारा टाळही नाही.

पौर्णिमेला गोपाळकाला होईल आणि दिंड्यांचे ट्रक शेवटचे भरले जातील. परतीचा हिशेब करावयास आमची मंडळी त्या दिवशी एकत्र बसते. या लेखातील दोन गोष्टी, खाटा बंद आणि गाठोड्यांची वही, आम्ही तेथे मांडणार आहोत. मान्य झाल्या तर पुढच्या ज्येष्ठात वही आमच्याचकडे राहील. सामाईक ट्रकचे गाऱ्हाणे एका दिंडीच्या बैठकीत सुटणारे नाही. त्यासाठी पुढच्या वारीत एखाद्या संध्याकाळी, दंड वर गेल्यावरही, आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहावेत असा आमचा आग्रह आहे. विणेकरी बुवांना अद्याप विचारलेले नाही.