कोकोपीटला जेवण घाला, बॉस!

रोप मेलं की सगळ्यांचा एकच डायलॉग: ‘माझ्या हाताला गुणच नाही!’ मंडळी, हाताला काहीही झालेलं नाही. घोळ आहे तो कुंडीतल्या कोकोपीटचा.

ते आपल्याकडे एवढं हिट का, हे मी वेगळं सांगायला नको. मुलुंड-बोरिवलीत सातव्या मजल्यावर मातीची पोती कोण चढवणार? शिवाय ग्रिलला वजन झेपत नाही आणि खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल गळतो, तो वेगळाच. त्यापेक्षा ६५० ग्रॅमची वीट बादलीत टाकली की फुगून ८-९ लिटर भुसा तयार. सॉलिड सोय! पण मातीत थोडंफार अन्न असतं, नारळाच्या सोडणाच्या या भुशात ते नावापुरतंच. तो पाणी धरून ठेवतो, जेवणाचं मात्र आपण बघायचं.

दुसरा घोळ परदेशी व्हिडिओंचा. तिकडचं पीट मॉस म्हणजे थंड दलदलीतलं कुजलेलं शेवाळ. त्याचा पीएच ४च्या आसपास, म्हणजे चांगलंच आंबट. म्हणून ते लोक त्यात चुना मिसळतात. आपलं कोकोपीट मुळातच साधारण ५.५ ते ६.५ असतं आणि कुंडीतल्या बहुतेक झाडांना तेवढंच हवं असतं. त्यात चुना घालून पीएच ७च्या वर नेला, की लोह कुंडीत असूनही मुळांना घेता येत नाही.

ओळखायचं कसं? कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह अडकलंय. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर बहुधा नायट्रोजन संपलाय. दोन्हींवर ‘अजून थोडं पाणी’ हा उपाय नाही!

मग संडेला एवढं करा. वीट भिजवून दोन-तीनदा धुवा, म्हणजे मीठ निघून जाईल. नंतर लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ती रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा धुवा. ही पायरी गाळली, तर कोकोपीट झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतःच धरून बसतं आणि टोमॅटो बुडाशी काळे पडतात.

रोप लागलं, की एका आठवड्यात १९:१९:१९ आणि पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला १ ग्रॅम. एकाच बाटलीत कालवू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका तळाशी बसतो आणि दोन्ही फुकट जातात. महिन्यातून एकदा चिमूटभर एप्सम सॉल्ट द्या, मॅग्नेशियमसाठी.

सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं? मग जास्त लक्ष ठेवा. जड पाणी हळूहळू पीएच चढवतं. कुंडीखालच्या बशीत उतरलेल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवा. आकडा ७च्या पुढे गेला, तर झाडाला द्यायच्या पाण्यात व्हिनेगरचे थेंब टाकत ते ६वर आणा. आणि जुलैच्या धो-धो पावसात ग्रिलमधल्या कुंड्यांतलं खत वाहून जातं. पाऊस उघडला की पुन्हा थोडं द्या.

पट्ट्यांचं पाकीट मॉलमधल्या कॉफीपेक्षा महाग नसतं. पुढची मिरची मरू घालण्याआधी ते घेऊन टाका. हाताला गुण आपोआप येईल!